जॉइनिंग बोनस परत मागताय, तोही पूर्ण दीड लाख, काय करू?

सातपुडा_यावल:
नमस्कार मंडळी, मी यावलचा, पुण्यात आयटीत आहे. जॉइन होताना दीड लाख बोनस मिळाला, 24 महिन्यांच्या आत सोडलं तर परत द्यायचा अशी अट होती. आता 19 महिने झालेत आणि अण्णांना अर्धांगाचा झटका आला, आई एकटी, केळीची कटाई तोंडावर, त्यामुळे राजीनामा द्यायचाय. एचआर म्हणते पूर्ण दीड लाख भरा नाहीतर रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) नाही. पण माझ्या खात्यात टॅक्स कापून 1,18,800 च आले होते ना भो, जे हातात आलंच नाही ते कुठून देऊ? झोप उडालीय.

खान्देशी_मेकॅनिक:
काही देऊ नको, असले बॉन्ड कोर्टात टिकतच नाहीत.

धुळे_लॉ:
असं सांगून पोराला अडकवू नका हो. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये 3 वर्षांच्या आत सोडलं तर 2 लाख ही अट वैध ठरवलीय. हां, करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे भरपाई वाजवीच हवी, वाट्टेल तो दंड लावता येत नाही. आणि पीएफला हात लावता येत नाही, तेवढं निर्धास्त राहा.

भुसावळ_ताई:
दादा मी पेरोल बघते. कापलेले 31,200 तुझ्या नावावर सरकारात जमा आहेत, त्याच आर्थिक वर्षात बोनस परत केला असता तर आम्ही पगारात अ‍ॅडजस्ट केलं असतं, वर्ष उलटल्यावर ते फार किचकट होतं. म्हणून हातात आलेलीच रक्कम धरा असं मेलवर माग, फोनवर नको.

तापीकाठ_अमळनेर:
भाऊ, राजीनामा टाकायच्या आधी ऑफर लेटर काढ आणि ती ओळ शब्द न् शब्द वाच. प्रो-राटा, म्हणजे राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, असं लिहिलं असेल तर उरलेल्या 5 महिन्यांचे 31,250 च लागतात. आणि 24 महिने राजीनाम्याच्या तारखेपर्यंत मोजतात का शेवटच्या दिवसापर्यंत? माझं याच एका शब्दावर सुटलं होतं.

सातपुडा_यावल:
आत्ताच काढलं. प्रो-राटा कुठेच नाही, पण 'शेवटचा कामाचा दिवस' स्पष्ट लिहिलंय. नोटीस 2 महिन्यांची आहे.

तापीकाठ_अमळनेर:
मग घाई कशाला रे! 22 महिने भरले की राजीनामा टाक, नोटीस संपेपर्यंत 24 होतात, एक रुपया द्यायचं काम नाही. तोवर यावलहून काम करायची परवानगी माग.

सातपुडा_यावल:
हे डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी मॅनेजरला मेल टाकतो, अण्णांचं डिस्चार्ज कार्ड जोडून. कटाईला मामाला बोलावलंय.