फूटप्रिंट माझा, हिशेब कोणाचा?

नाइलाज
परवा ऑफिसात एक फॉर्म भरून घेतला. गाडी किती चालवता, विमानाने किती वेळा जाता, वीज किती जाळता. शेवटी लाल अक्षरांत निकाल: तुमचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे तुमच्यामुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड (सीओटू) आणि तसले उष्णता कोंडणारे वायू, वर्षाला ५.८ टन. खाली सल्ला, 'चार्जर प्लगमधून काढून ठेवा.' तळपायाची आग मस्तकात गेली!

'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द घरोघरी पोचवला बीपी या तेल कंपनीने. २००४-०५ च्या सुमारास त्यांनी लोकांसाठी कॅल्क्युलेटर काढला, जाहिराती केल्या. तेल विकणार हे आणि पापाचा घडा आमच्या माथी. २०२० मध्ये निम्मं जग घरात कोंडलेलं होतं, तरी त्या वर्षीचं जीवाश्म इंधनांचं उत्सर्जन ५-६ टक्क्यांच्या आसपासच घटलं. मग मी दिवे मालवून काय होणार? मोजणं सोडलंय. पटत नसेल त्यांनी बोला.

काटेकोर
जाहिरात बीपीची, कल्पना नव्हे. १९९० च्या दशकात विल्यम रीस आणि मॅथिस वाकरनागेल यांनी 'इकॉलॉजिकल फूटप्रिंट' मांडला, म्हणजे माणसाच्या गरजांना किती जमीन-पाणी लागतं याचा हिशेब. कार्बन फूटप्रिंट हे त्याचंच पिल्लू. आणि चोराच्या मनगटावरचं घड्याळही वेळ बरोबरच दाखवतं.

लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, पण जाळलं की सीओटू निघतो साधारण २.३ किलो. बाकीचं वजन हवेतून येतं. कार्बनचा एक अणू ऑक्सिजनचे दोन ओढून घेतो, वजनाने १२ चे ४४ होतात. हे तेलविहिरीत नाही, तुमच्या इंजिनात घडतं.

नाइलाज
आणि 'जगाचं ७१ टक्के उत्सर्जन १०० कंपन्यांचं' म्हणतात, त्याचं काय? ते सोयीस्कर विसरलात.

काटेकोर
विसरलो नाही, नीट वाचलंय. २०१७ चा अहवाल आहे, १९८८ नंतरच्या औद्योगिक उत्सर्जनाचा. त्यात या कंपन्यांचा कोळसा-तेल-वायू गिऱ्हाइकांनी जाळल्यावर निघालेला धूरही कंपन्यांच्याच खात्यावर धरलाय. त्यांच्या आकड्यात सुमारे ९० टक्के तोच. गिऱ्हाईक म्हणजे आपणच ना?

रिकामटेकडी
तुमची तत्त्वं चालू द्या, माझं भांडण चार्जरशी आहे. रिकामा चार्जर ०.१ वॉट खातो असं धरा. वर्षाचे ८७६० तास, म्हणजे एक युनिटही भरत नाही. २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. वर्षभराची तपश्चर्या एका लांबलेल्या आंघोळीत वाहून गेली! मोजायचं ते एवढ्यासाठी, कुठे जीव आटवायचा नाही हे कळावं म्हणून.

आणखी एक. आमच्या जुन्या एसीत दोन उन्हाळे 'गॅस कमी झालाय' म्हणून नुसता भरून दिला. गळती कोणी शोधलीच नाही. यंदा मी हटून बसले. मेकॅनिकने साबणाचं पाणी लावलं तेव्हा नटापाशी बुडबुडे आले. बारीक, पण न थांबणारे. गॅस आर-४१०ए, शंभर वर्षांच्या हिशेबात किलोला सीओटूच्या दोन हजार पटींहून जास्त उष्णता कोंडतो. अर्धा किलो गळाला तर टनभर सीओटू, म्हणजे साडेचारशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. मी वापरलेल्या एकाही कॅल्क्युलेटरने हे विचारलं नव्हतं.

भाडेकरू
वाचतोय. माझा एसी घरमालकाचा, गीझर घरमालकाचा, बस तासाला एक. वीज कोळशाची असली की युनिटमागे साधारण किलोभर सीओटू, सौर असली तर त्याच्या काही टक्के. बटण मी दाबतो तेच, तेवढ्याच वेळ. फरक पडतो तो तारेच्या दुसऱ्या टोकाला. नाइलाज यांना +१.

काटेकोर
मग बस वाढवून मागा. मागायला आकडे लागतातच.

भाडेकरू
तीनदा अर्ज दिलाय. आकड्यांसकट.

काटेकोर
…बरं. हे मला सुचलं नव्हतं.

नाइलाज
माझं मी मोजणार नाहीच. पण रिकामटेकडी, त्या फॉर्ममध्ये ऑफिसच्या एसीचा रकाना नव्हता, हे आत्ता लक्षात आलं. आमच्या मजल्यावर दर उन्हाळ्यात सिलिंडर घेऊन माणूस येतो. सोमवारी विचारतो, वर्षाला किती किलो भरता.