मदत हवी आहे : मद्रास हायकोर्टाच्या आवारातलं जुनं दीपगृह

नमस्कार मंडळी. लेकीकडे चेन्नईला आलोय. परवा हायकोर्टाच्या कुंपणातून एक उंच दगडी खांब दिसला. वर निमुळता होत जाणारा, अंगावर उभ्या पन्हळी. मला आधी स्मारकच वाटलं. निघालं दीपगृह! १८४४ पासून १८९४ पर्यंत बंदरात येणाऱ्या जहाजांना वाट दाखवून निवृत्त झालेलं. त्याच्याआधी, १७९६ पासून, दिवा सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इमारतीच्या छपरावर असे. तिथे आता संग्रहालय आहे. १८९४ साली दिवा थेट हायकोर्टाच्या घुमटावर चढवला (न्यायालयाच्या डोक्यावर दीपगृह, ही कल्पना भारीच!) आणि १९७७ मध्ये मरीनावर नवं दीपगृह आलं.

माझी अडचण अशी : मला खांब जवळून बघायचाय, पण फाटकावरच्या शिपायाने हात हलवून परत पाठवलं. भाषेची बोंब, त्यामुळे कारणही कळलं नाही. आत जायला परवानगी कुणाकडे मागायची? सुट्टीच्या दिवशी सोडतात का? आणि खांबावर दिवा असतानाचं एखादं जुनं चित्र किंवा फोटो कुणाच्या पाहण्यात आहे का? पुढच्या गुरुवारी परतीची गाडी आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.