डबे बडवणं आणि डब्याला बोलतं करणं

‘घरातल्या वस्तू बडवल्या की आवाज येणारच, त्यात कला कुठली?’ असं कुणीही विचारेल. पण घरातल्या वस्तूंनाच स्पीकर बनवणाऱ्या या ध्वनिकलेत बडवणं नसतंच. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरच्या १९७३ च्या ‘रेनफॉरेस्ट ४’ या ध्वनिरचनेत टांगलेल्या वस्तूंना ट्रान्सड्यूसर जोडलेले असतात. ट्रान्सड्यूसर म्हणजे एका परीनं कागदी शंकू नसलेला स्पीकर. तो हवेऐवजी थेट पत्रा किंवा लाकूड हलवतो. वस्तू आपल्या नैसर्गिक कंपनाशी जुळणारे सूर उचलून धरते, बाकीचे गिळून टाकते. म्हणून एकच आवाज परातीतून वेगळा येतो, पिंपातून वेगळा. (याच ट्यूडरनं १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारून दिला होता.)

आणि आपल्या नागपुरात तर घरोघरी कुलर आहेत! हिवाळ्यात गच्चीवर रिकाम्या पडलेल्या आमच्या लोखंडी कुलरला मी ट्रान्सड्यूसर चिकटवला आणि त्यातून तंबोऱ्याचा आवाज सोडला. मोठ्या पत्र्यातून खर्ज असा भरून आला की मी बराच वेळ कान टेकवून बसलो. टाकीत चार बोटं पाणी घातलं, तर तोच घुमारा दबून खाली उतरला. आजीचा पितळी गुंड मात्र वरचेच सूर धरत होता.

करून बघणार असाल तर वस्तू जमिनीवर ठेवू नका, दोरीनं टांगा. जमीन कंपनं खाऊन टाकते. आणि लांबून ऐकू नका, जवळ जाऊन कान लावा.