ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरीला (अजून राज्य नसलेल्या प्रदेशाला) राज्य करायचं, पण राज्यघटना लिहिणार कोण?

डार्विनकर:
इथे नऊ वर्षं झाली, नागरिकत्व घेतलं, दर निवडणुकीला मत देतो, तरी ते अर्धंच मत आहे हे मनाला लागतं. देशाच्या घटनेवर सार्वमत झालं की एकूण बेरजेत आम्हा टेरिटरीवाल्यांना धरतात, पण सहापैकी किती राज्यं बाजूने या मोजणीत आम्ही नाहीच. टास्मानियासारख्या छोट्या राज्याला संसदेच्या वरच्या सभागृहात 12 सेनेटर, आम्हाला 2. 1978 पासून स्वशासन आहे म्हणे, आणि विधानसभेने 1995 ला केलेला इच्छामरणाचा कायदा कॅनबेराने, म्हणजे केंद्राच्या संसदेने, 1997 मध्ये मोडीत काढला! तो कायदा तुम्हाला पटो न पटो, निवडून दिलेल्या सभागृहाची ही किंमत? 1998 च्या सार्वमतात राज्य व्हायची संधी लोकांनी हातची घालवली असं माझं स्पष्ट मत आहे.

मेघना_ॲलिस:
दादा, घालवली नाही, विचार करून नाकारली. 1985 पासून विधानसभेची समिती गावोगाव फिरली, लोकांचं ऐकलं, 1996 ला मसुदा दिला, इतकी वर्षं खपून झालेलं काम, आणि मग 1998 ला डार्विनमध्ये घटना परिषद भरवली तिचे सदस्य लोकांनी निवडलेलेच नाहीत, कोणाला बोलवायचं ते सरकारने ठरवलं. वर मतपत्रिकेवर प्रश्न एकच, परिषदेने घटना सुचवलीये, विधानसभेने मान्य केलीये, तर आता राज्य व्हायचं का? ज्याला राज्य हवं पण ती घटना नको त्याने कुठे खूण करायची सांगा. 51 टक्क्यांच्या वर लोकांनी नाही म्हटलं, मला तरी त्यात काही चुकीचं वाटत नाही.

विनय_फोंडा:
गोवा 1987 पर्यंत केंद्रशासितच होता, राज्य झालं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. उगाच वेळ काढू नये.

मेघना_ॲलिस:
विनयदादा, आपल्याकडे गोव्याला स्वतःची घटना लिहावी लागली नाही, इथे प्रत्येक राज्याची वेगळी असते, म्हणून तर ती कोणी लिहिली याला एवढं महत्त्व. टेरिटरीत तीस टक्क्यांच्या आसपास लोक ॲबोरिजिनल, म्हणजे इथले मूळनिवासी, जवळपास निम्मी जमीन त्यांच्या मालकीची. ऑगस्ट 1998 मध्ये ते काल्करिंजीला जमले, जिथल्या गुरिंजी लोकांनी 1966 मध्ये वेव्ह हिलच्या गुरांच्या स्टेशनवरचं, म्हणजे मोठ्या फार्मवरचं, काम सोडून जमीन मागितली होती त्याच भागात, आणि सांगितलं की आमच्याशी नीट वाटाघाटी होईपर्यंत राज्याला आमची संमती नाही. मी आतल्या वस्त्यांमधल्या क्लिनिकमध्ये काम करते, साधं गोळ्या कशा घ्यायच्या ते समजवायलासुद्धा दुभाषा लागतो, तिथे घटनेची कलमं इंग्रजी पत्रकातून कशी पोचतील?

रोहित_पर्थ:
आणि सेनेटरचं म्हणाल तर देशाच्या घटनेच्या 121 कलमाप्रमाणे नव्या राज्याला किती द्यायचे ते संसदच ठरवणार. 12 ची हमी फक्त मूळच्या राज्यांसारखं समान स्थान मिळालं तरच, ते कोण देणार? अडीच लाख लोकसंख्या, बहुतेक पैसा कॅनबेराचा. मी तरी विरोधातच.

डार्विनकर:
सेनेटर 4 मिळाले तरी चालतील, पण आमचा कायदा दुसऱ्याने पुसायचा हे बंद व्हावं. मेघनाताई, परिषदेचं तुमचं पटलं, सदस्य निवडूनच यायला हवेत. माझं म्हणणं, दोन प्रश्न वेगळे विचारा, आधी घटना, मग राज्य. आणि पहिली बैठक डार्विनला नको, काल्करिंजीला घ्या, दुभाषे बसवून, मग लागू देत चार वर्षं.

मेघना_ॲलिस:
असं झालं तर मी हो म्हणेन.