नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टची डॉक्टरेट: पुण्यातील आयसीयूचा अनुभव धरला जातो का?

रात्रपाळी, हडपसर

सर्वांना नमस्कार. मी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यापासून हे माझे चौथे वर्ष. बायपास झालेला रुग्ण ओटीतून आमच्याकडे येतो तेव्हा भूलतज्ज्ञ डॉक्टर स्वतः हाताने श्वास देणारी अँब्यू बॅग दाबत ट्रॉलीसोबत येतात, आणि कोणते औषध किती मिलिलिटरने चालू आहे, ट्यूब कितीवर बांधली आहे, हार्ट-लंग पंपावरून काढताना दाब किती घसरला, हे सगळे हँडओव्हरच्या दहा मिनिटांत सांगतात. माझ्या पूर्ण पाळीत मी सर्वांत जास्त लक्ष देऊन ऐकते ती हीच दहा मिनिटे. अमेरिकेत भूल देण्याचे हे काम परिचारिकाही करतात, त्यांना सीआरएनए म्हणतात आणि त्यासाठी आता डॉक्टरेट लागते, हे कळल्यापासून माझ्या मनात दुसरे काही येत नाही.

एका सल्लागार संस्थेने मला सांगितले आहे की, माझा येथील आयसीयूचा अनुभव धरून विद्यार्थी व्हिसावर थेट डॉक्टरेटला प्रवेश मिळेल. नोंदणीसाठी महिनाअखेरपर्यंत दीड लाख रुपये भरायचे आहेत. बाबा एफडी मोडायला तयार आहेत. घरात सर्वांना ही पीएच.डी.च आहे असे वाटते आणि खरे सांगायचे तर मलाही नेमका फरक माहीत नाही. येथील अनुभव खरोखर धरला जातो का, या शिक्षणात नेमके काय शिकवतात आणि भारतात राहून अशा कामाकडे जाण्याचा काही मार्ग आहे का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मूळची सिंहगड रोडची, आता अमेरिकेत

ताई, पैसे भरू नका. पुण्यातील आयसीयूचा अनुभव या प्रवेशासाठी धरला जात नाही. अमेरिकेतील नर्स अ‍ॅनेस्थेशिया कार्यक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या नियमानुसार किमान एक वर्षाचा पूर्णवेळ क्रिटिकल केअरचा अनुभव लागतो, आणि तो अमेरिकेत, तिच्या अखत्यारीतील प्रदेशांत किंवा परदेशातील अमेरिकी लष्करी रुग्णालयातच घेतलेला असावा लागतो. त्याशिवाय पदवी आणि अमेरिकेतील एखाद्या राज्याचे आरएन (नोंदणीकृत परिचारिका) लायसन्स हवे. ही अट विद्यापीठागणिक बदलणारी नाही, त्यामुळे कोणी ‘आमची ओळख आहे’ म्हटले तरी तिला वळसा घालता येत नाही.

म्हणजे क्रम असा होतो: आधी लायसन्ससाठीची एनक्लेक्स-आरएन परीक्षा आणि लायसन्स, मग तेथील आयसीयूमध्ये नोकरी, आणि त्यानंतर डॉक्टरेटचा अर्ज. खरी अडचण मधल्या पायरीवर आहे, कारण परिचारिकांना ज्या ईबी-३ वर्गातून ग्रीन कार्ड मिळते, त्या वर्गात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून अधिक लांबली आहे. मी २००६ साली गेले, तेव्हा परिचारिकांसाठी वेगळे राखलेले व्हिसे होते, म्हणून माझे काम लवकर झाले. माझ्या उदाहरणावरून कोणी आजचा अंदाज बांधू नये. सध्या काही मुली विद्यार्थी व्हिसावर तेथे नर्सिंगची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतात आणि त्यानंतर मिळणाऱ्या बारा महिन्यांच्या कामाच्या परवानगीत आयसीयूची नोकरी करतात. ते बारा महिने किमान अनुभवाच्या अटीइतकेच आहेत, त्यामुळे नोकरी मिळायला दोन महिने उशीर झाला तरी हिशेब चुकतो. शिवाय एकाच वर्षाचा अनुभव असलेल्या उमेदवाराला स्पर्धेत टिकणे अवघड जाते. हा मार्ग खर्चिक आहे आणि त्यात जोखीम आहे, पण तो खरा आहे. तुम्हाला दाखवला जातो आहे तो मार्ग अस्तित्वातच नाही.

आता डॉक्टरेटविषयी. ही पीएच.डी. नव्हे. हिला डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस) किंवा डीएनएपी (डॉक्टर ऑफ नर्स अ‍ॅनेस्थेशिया प्रॅक्टिस) म्हणतात, आणि ती प्रत्यक्ष रुग्णसेवेतील सर्वोच्च पदवी आहे. पूर्वी पदव्युत्तर पदवी पुरत असे. १ जानेवारी २०२२ पासून मात्र नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच्याच कार्यक्रमात बसावे लागते. तो किमान ३६ महिन्यांचा असतो. त्या काळात निदान २,००० तास प्रत्यक्ष काम आणि ६०० रुग्णांना भूल दिल्याची नोंद पूर्ण करावी लागते, आणि त्यानंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा द्यावी लागते.

आमचे सुरुवातीचे महिने वर्गातच गेले. वायूंचे नियम, भुलीच्या द्रवाची वाफ करणारा व्हेपोरायझर कसा चालतो, प्रत्येक औषध यकृतात आणि मूत्रपिंडात कसे वागते, मज्जारज्जूभोवतीची रचना, हे सगळे इतक्या खोलात शिकवले की आयसीयूमध्ये वर्षानुवर्षे हाताळलेली औषधे मला नव्याने समजली. पुढे रोज पहाटे साडेपाचला ओटीत पोहोचायचे, मशीन तपासायचे, सक्शन चालू आहे का ते हाताने पाहायचे, सिरिंज भरून प्रत्येकीवर लेबल लावायचे, आणि रुग्ण येण्यापूर्वी मार्गदर्शकाला पूर्ण योजना तोंडी सांगायची. पहिल्यांदा मास्क धरला तेव्हा माझी बोटे जबड्याच्या हाडावर नव्हे, तर खालच्या मऊ भागावर दाबली जात होती, त्यामुळे जीभ मागे ढकलली जाऊन बॅग जड लागत होती. मार्गदर्शकांनी काही न बोलता माझी करंगळी उचलून जबड्याच्या कोनामागे ठेवली आणि लगेच छाती वर आली. ती जागा माझी बोटे आजही आपोआप शोधतात. डॉक्टरेटचा प्रकल्प म्हणून मी सिझेरियननंतर रुग्णांना भरणाऱ्या थरथरीवर काम केले. त्यात नवा शोध लावायचा नसतो, उपलब्ध पुराव्यांच्या आधारे आपल्या विभागातील पद्धत सुधारून दाखवायची असते.

पैशांचेही स्पष्ट सांगते. अनेक कार्यक्रमांचे शुल्क एक लाख डॉलरच्या वर जाते, आणि अभ्यास इतका असतो की त्या तीन वर्षांत नोकरी करू नका असेच सांगितले जाते.

भूलतज्ज्ञ, कोथरूड

वरील उत्तर नेमके आहे. मी भारतातील बाजू सांगतो. आपल्याकडे भूल देणे हे डॉक्टरांचे काम आहे; एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एमडी किंवा डीएनबी, किंवा दोन वर्षांचा डिप्लोमा करूनच मनुष्य भूलतज्ज्ञ होतो, आणि स्वतंत्रपणे भूल देणारी परिचारिका हे पद आपल्याकडे नाही. यात परिचारिकांच्या क्षमतेचा प्रश्न नसून इतिहासाचा आहे. आपण ब्रिटिश पद्धत घेतली आणि तेथे क्लोरोफॉर्मच्या काळापासून हे काम डॉक्टरांकडे राहिले. अमेरिकेत मात्र शल्यचिकित्सकांनी एकोणिसाव्या शतकातच परिचारिकांना त्यासाठी तयार केले. मेयो बंधूंच्या रुग्णालयातील अ‍ॅलिस मॅगॉ या परिचारिकेने १९०६ मध्ये १४,००० हून अधिक भुलींचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यांत भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. आजही तेथील अनेक ग्रामीण रुग्णालयांत भुलीची सेवा सीआरएनएच देतात.

ओटी आणि अ‍ॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजीची पदवी येथे मिळते, परंतु तो सहायक तंत्रज्ञाचा वेगळा व्यवसाय आहे आणि नर्सिंगची पदवी हाती असताना तिकडे वळण्याचे मला कारण दिसत नाही. त्यापेक्षा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम पाहावा. तुमच्या आवडीच्या सर्वांत जवळचे येथील शिक्षण तेच आहे.

आणि येथील अनुभव कागदावर धरला जात नसला, तरी तो वाया जात नाही. बायपासचा रुग्ण थंड अंगाने येतो आणि तासाभरात गरम होऊ लागला की रक्तवाहिन्या सैलावून दाब खाली येतो, हे तुम्ही रोज पाहता. अशा वेळी दाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रिनालिन वाढवायचे की आधी द्रव द्यायचा, याचा निर्णय डॉक्टर का आणि कसा घेतात, हे विचारत चला. ट्यूब टाकली जात असेल तेव्हा उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफकडे पाहा: ट्यूब श्वासनलिकेत असेल तर प्रत्येक श्वासाला रेघ वर चढते, आणि अन्ननलिकेत गेली असेल तर ती सपाट होते, मग सॅच्युरेशन अजून ९८ दिसत असले तरीही. हे ज्याला दिसते, त्याला मॉनिटर वाचता येतो. माझ्या ओटीत अशी विचारणारी सिस्टर आली की मला फार बरे वाटते, आणि तुमच्या रुग्णालयातील भूलतज्ज्ञांनाही तसेच वाटेल, म्हणून संकोच करू नका.

निवृत्त ट्यूटर

बाळा, कागदपत्रांचे काम आजच सुरू कर, कारण उशीर परीक्षेपेक्षा तेथेच अधिक होतो. तुझ्या कॉलेजकडून विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास दाखवणारा ट्रान्स्क्रिप्ट लागेल, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी परस्पर पाठवावी लागेल. तुझ्या हातून गेलेली प्रत चालत नाही. प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार या विषयांचे तास वेगवेगळे लिहिले आहेत ना, हे लिफाफा बंद होण्यापूर्वी बघून घे. माझ्या एका विद्यार्थिनीचे मानसोपचाराचे क्लिनिकल तास लिहायचे राहून गेले आणि तिचे सहा महिने केवळ पत्रव्यवहारात गेले.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते; पासपोर्टवर क्रम वेगळा असतो, आणि लग्नानंतर तर दोन नावे बदलतात. एनक्लेक्सच्या नोंदणीतील नाव आणि केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्रावरील नाव तंतोतंत जुळले नाही, तर परीक्षेला बसू देत नाहीत.

रात्रपाळी, हडपसर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल मी त्या संस्थेला विचारले की, मान्यता मंडळाच्या अनुभवाच्या अटीचे काय. त्यावर ‘आधी नोंदणी करा, मग बोलू’ एवढेच उत्तर आले. मी नकार कळवला आणि बाबांनी एफडी तशीच ठेवली. आता एनक्लेक्सची तयारी आणि नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रवेशाची चौकशी ही दोन्ही कामे मी एकाच वेळी सुरू करत आहे. मॅडम, एक शंका आहे: माझे लग्न मार्चमध्ये आहे. पासपोर्ट आधी बदलावा की कौन्सिलची नोंदणी?

निवृत्त ट्यूटर

लग्नाचे मनापासून अभिनंदन. तुझी पदवी, कौन्सिलची नोंदणी आणि पासपोर्ट हे तिन्ही आज माहेरच्या नावावर आहेत, तर ते तसेच राहू दे आणि त्याच नावाने पडताळणी व परीक्षा पूर्ण कर. नाव बदलायचेच असेल तर लायसन्स हातात आल्यावर बदल, आणि विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती तेव्हाच काढून ठेव.