मदत हवी आहे: प्रेअरीतल्या शेंगवर्गीय झाडांचं बी रुजवायचंय

नमस्कार मंडळी,

आम्ही इलिनॉयमध्ये, शिकागोच्या पश्चिमेला राहतो. मागचं लॉन काढून तिथे इथलीच मूळची प्रेअरी (इथलं गवताळ, रानफुलांचं माळरान) करायची आहे. गवतांचं जमेल, अडलंय ते शेंगवाल्यांपाशी. पांढरी बॅप्टिसिया, जांभळं प्रेअरी क्लोव्हर, लेडप्लांट आणि पार्ट्रिज पी (फूल थेट आपल्या तरवडासारखं पिवळंधमक!) यांचं बी आणलंय.

बॅप्टिसियाचं बी म्हणजे खडाच. पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजत घातलं. सकाळी काही बिया टम्म फुगल्या, बाकीच्या जशाच्या तशा टणक. फुगलेल्या ओल्या वाळूत कालवून, रुजण्याआधी थंडी मिळावी म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्यात. कोथिंबिरीच्या शेजारी वाळूची पिशवी बघून घरचे काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

न फुगलेल्यांचं काय करू? सोटमूळ खोल जातं म्हणतात, मग कुंडीत लावावं की थेट जमिनीत? आणि रायझोबियम (मुळांवर गाठी धरून नत्र पुरवणारे जिवाणू) कुठलं? गावी सोयाबीनला गुळाच्या पाण्यातून चोळतात ते माहीत आहे, पण इथल्या दुकानात वाटाणा-घेवड्याचं मिळतं. ते चालेल का?

प्रतिसाद १:
न फुगलेलं परत घासा, आतला गर दिसेपर्यंत नको, नुसती चमक गेली की पुरे. फुगलेल्याला फ्रीजमध्ये दहा-बारा दिवस बास, नंतर पिशवीतच मोड येतात. नोव्हेंबरात थेट जमिनीत पेरणार असाल तर मात्र अजिबात घासू नका. घासलेलं बी थंडीत सडतं; न घासलेल्याचं कवच बर्फ आणि ओल सैल करतात. कुंडी घेतलीत तर उंच आणि अरुंद घ्या, आणि रोप लहान असतानाच जमिनीत हलवा.
वाटाण्याचं कल्चर नको, त्याने यांच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. पार्ट्रिज पी आणि बॅप्टिसियाला चवळी गटाचं लागतं, क्लोव्हरचं वेगळं. स्थानिक बी विकणाऱ्या रोपवाटिकेत मागा.

प्रतिसाद २:
सशांचं कोणी बोललंच नाही! क्लोव्हर आणि लेडप्लांट बुडापासून कुरतडतात, पहिल्या दिवसापासून जाळी लावा. बॅप्टिसिया विषारी, तिला सहसा तोंड लावत नाहीत. पार्ट्रिज पी वर्षायू आहे, त्याच उन्हाळ्यात फुलेल. बॅप्टिसियाच्या फुलाला तीनेक वर्षं तरी धरा.

मूळ धागाकर्ते:
दोघांचेही आभार, जाळी आजच आणतो. एक राहिलं: लेडप्लांटच्या शेंगेत बी एकच असतं आणि माझं बी शेंगेसकट आलंय. सोलून पेरू की तसंच?