ड्रॅगन मारायचा की त्याचा वध करायचा?

एका जादूच्या कादंबरीचं भाषांतर करतेय. नायिका गावोगाव फिरून पैसे घेऊन ड्रॅगन मारते. 'ड्रॅगन मारणारी' इतक्यांदा आलंय की झुरळं मारते असं वाटायला लागलंय. आधी ड्रॅगनचा 'अजगर' केला होता. भाच्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "मावशी, अजगर कात्रजला बघितलाय की. तो नुसता वेटोळं घालून पडतो. हा उडणार कसा?" तो प्रश्न तिथेच मिटला. पण 'मारणारी'चं काय करू? आणि मॅजिकचं?

— भाचा हुशार आहे. अजगर म्हणजे अज गिळणारा, बोकड गिळून पडून राहणारा. त्याला जाळ ओकायला लावू नका. मंडईत ड्रॅगन फ्रूट विकणाऱ्या बाईची जीभ अडत नाही, मग आपण कशाला अडायचं? जुना शब्द आहे, 'अहि'. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 32व्या सूक्तात इंद्र पाणी अडवून बसलेल्या वृत्राला मारतो, तिथे 'अहन्नहिम्' आहे, अहीला मारलं. पण आज 'अही' वाचून निम्म्या लोकांना छपाईची चूक वाटेल.

मारण्याचे मात्र मराठीत दर्जे आहेत, ताई. डास मारतात, वाघाची शिकार होते, शेजाऱ्याचा खून होतो, अफझलखानाचा वधच. वध म्हटलं की मारणाऱ्याची बाजू न्यायाची, हे बोलणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. तेव्हा गावकऱ्यांच्या तोंडी 'वध' घाला. ती स्वतः मानधन मोजताना 'शिकार' म्हणेल. 'मर्दन' नको, कालियामर्दनात कालिया जिवंत सुटतो.

मॅजिकला 'करणी', 'भानामती' लिहिलंत तर वाचकाला लिंबू-मिरची आणि 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आठवणार. 'जादू' चालेल. शब्द फारसीतून आला, पण वेदातला 'यातु' त्याचा सख्खा चुलतभाऊ, म्हणजे अगदीच परका नाही. माझं मत विचाराल तर 'गारूड'. गरुड सापांचा वैरी, म्हणून सापाचं विष उतरवायची विद्या ती गारुडी विद्या. पुढे मनावर गारूड होऊ लागलं. सर्पकुळातल्या प्राण्याशी झुंजणाऱ्या बाईला याहून नेमका शब्द कुठे मिळणार?

— गारूड घेतलं, काका! वध-शिकारीची वाटणीही पटली. फक्त शेवटून दुसऱ्या प्रकरणात ती एका ड्रॅगनला दमवते आणि डोंगरापलीकडे हाकलून देते. तिथे?

— मग तिथे 'मर्दन'. मघाशी उगाच नको म्हणालो.

— अजून एक. ती त्याच्या पाठीवर बसते. 'ड्रॅगनवर' की 'ड्रॅगनावर'?

— 'टेबलवर' लिहिता का? 'टेबलावर' लिहिता ना? मग बसू दे तिला ड्रॅगनावर.